कडकताईचं महागडं क्रीम

चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर आली की दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, ताणून झटकायची आणि मग चालत समोरासमोर येऊन टोकाला टोक जुळवायचं. आमच्या धुलाई कारखान्यात दिवसभर हेच. माझ्या नवऱ्याचा चेहराही मी इतक्या जवळून पाहिला नसेल, जितका कडकताईचा पाहिलाय.

कडकताई हे आम्हीच ठेवलेलं नाव. तिने इस्त्री केलेली कॉलर कशी उभी राहायची ते बघण्यासारखं होतं, आणि स्वभावही तसाच. नाकावर माशी बसू द्यायची नाही. अंगाने चांगली थोराड. आणि अशा बाईला घरी आई हाक मारायची काय, तर चिमणी! पन्नाशी उलटलेली चिमणी दारात उभी राहिली की खोलीत अंधार होतो, असं मी तिला चिडवायची. ती माझ्या पाठीत धपाटा घालायची, पण मनातून खूश व्हायची.

पुढे आईला विसर पडायला लागला. आधी गॅस चालू राहिला, मग वार विसरले, मग माणसं. शेवटी एक दिवस ती पोटच्या मुलीला म्हणाली, "अहो बाई, तुम्ही दमलात, जा आता घरी. माझी चिमणी येईलच इतक्यात." कडकताई दुसऱ्या दिवशी हे मला हसत सांगायला लागली आणि मधेच चादरीचं टोक हातातून सुटलं तिच्या.

एकच वेळ अशी होती की आई तिला ओळखायची. दिवसभर सांभाळणारी बाई संध्याकाळी निघून गेली की कडकताई आईला खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवायची. आईचे हात तिच्या गळ्यात, तोंड मानेत. तेवढ्यात आई म्हणायची, "आलीस का गं, चिमणे?" बस्स. पाठ गादीला टेकली की पुन्हा अहो बाई. पण त्या एका हाकेवर कडकताईचा सगळा दिवस निघायचा.

"संध्याकाळी उजेड कमी असतो ना," ती मला म्हणाली, "सुरकुत्या दिसत नाहीत. आईच्या डोक्यात मी अजून तिशीतली आहे. दिवसा हे थोबाड बघून ती कशी ओळखणार?"

मला ते पटलं. न पटायला काय झालं होतं?

त्यात भावाने तेल ओतलं. धाकटा भाऊ, दूर दुसऱ्या देशात. आईची चौकशी व्हिडिओ कॉलवर. एकदा म्हणाला, "ताई, अगं तू आईच्याच वयाची दिसायला लागलीस." आणि महिनाभरात एक खोकं आलं. आत जाड काचेची डबी, चंदेरी झाकण, सोबत इवलासा चमचा आणि तोंड धुवायचं वेगळं द्रव. वय मागे नेणारं क्रीम म्हणे. माझं डोकंच फिरलं. "आईला उचलायला दोन हात पाठव म्हणावं!" मी म्हणाले. तर हीच त्याची बाजू घेणार! "तो बिचारा तिथून काय करणार?"

तिला मात्र त्या डबीत वेगळंच काही दिसलं होतं. तिला सुंदर दिसायचं नव्हतं, तिला आईची मुलगी दिसायचं होतं.

कामाची पाळी संपली की ती कारखान्यामागच्या नळावर जायची. ते द्रव लावून तोंड आणि मान खसखसून धुवायची, टिपायची, मग चमच्याने वाटाण्याएवढं क्रीम घेऊन खालून वर, खालून वर. घरी पोचेपर्यंत मुरायला हवं म्हणून इथेच. बाहीने तोंड पुसणारी बाई ही! आम्ही टिंगल केली, "कुणाला भेटायला चाललीस गं?" ती म्हणाली, "आहे एक."

आणि खोटं कशाला बोलू, क्रीम लागू पडलं. वाफेने तडकलेले गाल मऊ झाले, डोळ्यांखालचं जाळं विरळ झालं. घडी घालताना मला जवळून दिसायचं. मी तसं सांगितलं तर लाजली चक्क.

घरी मात्र आई गप्प झाली. उचललं की अंग आखडून घ्यायची, मान मागे न्यायची. हाक नाही. कडकताईला वाटलं, आपण कुठे तरी तिचा हात आवळला असेल. मग वाटलं, गुण यायला वेळ लागतो. ती वाटाण्याच्या जागी चमचाभर लावायला लागली.

एका संध्याकाळी मी कामावरून येऊन चप्पल काढते न काढते तोच वरून आरडाओरडा ऐकू आला. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. तशीच धावले. आई खुर्चीचे हात घट्ट धरून ओरडत होती, "सोडा मला! कोण तुम्ही? चिमणे, अगं चिमणे!" आणि कडकताई समोर हात पुढे करून उभी, चेहरा नुसता चकचकीत.

"थांब, मी धरते," मी म्हणाले आणि वाकले. आईचे हात माझ्या गळ्यात आले. नाक माझ्या मानेत, जिथे दिवसभराचा घाम आणि कारखाना साचलेला. तिने एक मोठा श्वास घेतला आणि तिचं अंग सैल पडलं.

"आलीस का गं, चिमणे? किती उशीर?"

मी तशीच वाकलेली राहिले. चादर सुकली का हे बघायला आम्ही ती नाकाला लावतो, तशी कडकताई जवळ आली आणि माझ्या मानेचा वास घेतला. खळ, वाफ, तापलेलं सुती कापड. मग ती न्हाणीघरात गेली. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत होता.

त्यानंतर डबी उघडली नाही तिने. तोंड न धुता घरी जायची. जाण्याआधी मानेला खळीचं पाणी चोळायची, मी पाहिलंय. पण आईची हाक परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच पुढे जातो, क्रीमचा काही संबंध नाही. कडकताईने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. थंडीत आई गेली.

भाऊ आला, चार दिवस राहिला. निघताना डबी हातात घेऊन म्हणाला, "वापरलं नाहीस वाटतं? अर्धं तसंच आहे." माझे हात शिवशिवले. कडकताई म्हणाली, "वापरलं ना. चांगलं आहे."

कडकताई कामावर परतली त्याच दिवशीची गोष्ट. घड्या घालता घालता आम्ही समोरासमोर आलो, टोकं जुळली, पण तिने आपली टोकं सोडली नाहीत.

"शेवटची हाक तुला मारली तिने."

मी माझी टोकं तशीच धरून ठेवली.

"माझी होती ती," ती म्हणाली. "म्हणून दाखव ना. तिच्यासारखी."

मला नकला जमत नाहीत. पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. रोलरचा आवाज चालू होता, म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "आलीस का गं, चिमणे? किती उशीर?"

"हो," ती म्हणाली, "उशीर झाला खरा." आणि माझ्या हातातली टोकं घेऊन तिने घडी पुरी केली. पुढची चादर बाहेर आली होती.