गिटार घेतली आणि धरण सुटलं

माझी फजिती ऐकायचीये ना? मग हातातला चहा आधी संपवा. आमच्या मुख्याध्यापिकांनी हीच गोष्ट ऐकताना कप साडीवर सांडला होता, आणि त्या तर कधीच न हसण्याबद्दल प्रसिद्ध आहेत!

मी कामशेतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. राहायला पवना धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या गावात. लेक नोकरीला लागून पुण्याला गेली, घर शांत झालं, आणि मला एकाएकी आठवलं की कॉलेजात असताना मला इलेक्ट्रिक गिटार शिकायची होती. या वयात बायकांना गुडघे आठवतात. मला गिटार आठवली!

आमचे हे, म्हणजे विलास, तळेगावच्या कारखान्यात पाळीनं कामाला जातात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पेटी शीक की. निदान बसून वाजवता येते."

"मला उभं राहूनच वाजवायचंय!"

आणि पुढच्या सुट्टीला मी स्कूटी काढली.

लोक लोणावळ्याला चिक्की आणायला जातात. मी गिटार आणायला गेले. बाजाराच्या टोकाला वाद्यांचं एक दुकान आहे. पुढं टाळ, ढोलक्या, आणि मागच्या भिंतीवर गिटारी. दुकानदार पोरगेलासा, केसांची शेंडी बांधलेला.

"बजेट काय, मॅडम?"

"कमी."

"बरं. पिकअप कसला पाहिजे? सिंगल की डबल?"

मी चमकलेच! आमच्या मावळात पिकअपमधून टोमॅटो जातात, म्हशी जातात, वेळ पडली तर वऱ्हाडही जातं. पण एवढ्याशा गिटारीला पिकअप? तोही डबल?

"छे हो, गाडी कशाला करायची? स्कूटीवर नेते मी. पुढं उभी करते."

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग गिटारीच्या तारांखालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. पिकअप म्हणजे ती पट्टी! तिच्यात लोहचुंबक असतं. वर तार हलली की तिच्यात वीज तयार होते, आणि ती वीज अँप्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते.

"हो हो, विद्युतचुंबकीय प्रवर्तन!" मी घाईघाईनं म्हटलं. "दहावीला शिकवते मी हे."

"शिकवता का? छान."

त्या 'छान'मध्ये काय काय होतं, ते सांगायला नको.

पण मुलगा भला होता. म्हणाला, "पहिलीच गिटार आहे, साधी घ्या. उरलेल्यात सरावाचा छोटा अँप्लिफायर येईल. त्याला हेडफोन लागतो, घरात कुणाला त्रास नाही."

किती शहाणपणाचा सल्ला! ऐकला असता तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं. पण तेवढ्यात माझी नजर वर गेली. वरच्या खुंटीला एक मोरपंखी गिटार होती. अशी चकाकत होती म्हणून सांगू!

"ती दाखवा."

"ती घेतलीत तर अँपला काही उरणार नाही, मॅडम. आणि अँपशिवाय ती म्हणजे नुसती फळी."

"पण किती देखणी फळी आहे!" असं म्हणून मी ती घेतली.

पुढचे पंधरा दिवस मी ती फळीच वाजवली. फोनवर बघून एक सोपं गाणं बसवलं. आवाज मला सोडून कुणालाच येत नव्हता, त्यामुळे सगळ्यांचं मत चांगलं होतं.

पण अँप्लिफायर हवाच होता. मग मला शौकतभाई आठवले. शौकतभाई आमच्या भागातले मंडपवाले. लग्न असो, उरूस असो, हरिनाम सप्ताह असो, माईक आणि स्पीकर त्यांचेच. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

"अँप्लिफायर? घेऊन जा की, बाई! जुना आहे पण दणकट आहे. अख्खी वरात पेलतो तो."

"मला एक गिटार पेलायचीये फक्त."

"मग तर आरामात! फक्त स्पीकरचे बॉक्स नाहीत हां. श्रावण आहे, सगळे सप्ताहाला गेलेत. कर्णा देऊ?"

कर्णा म्हणजे तो देवळावर असतो ना, तुतारीच्या तोंडासारखा भोंगा? तोच. फुकट मिळत होता. मी म्हटलं, द्या! स्पीकर तो स्पीकर.

आता तो दिवस ऐका. रविवार सकाळ. पाऊस आठवडाभर लागून राहिलेला. गावच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळीच निरोप फिरला होता: धरण भरलंय, कधीही पाणी सोडतील, सायरन झाला की नदीकाठी कुणी थांबू नका.

हे रात्रपाळी करून येऊन झोपले होते. मी सगळं सामान गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडलं. कर्ण्याचं तोंड कुणीकडे करावं? एका बाजूला हिराबाई मावशींचं घर, त्यांना त्रास नको. दुसऱ्या बाजूला देऊळ. म्हणून शेजारधर्म पाळून मी तोंड नदीकडे केलं.

वायर लावली. गळ्यात गिटार अडकवली. तार छेडली. आवाज नाही! आवाजाचं बटण थोडं फिरवलं. नाही. अर्धं फिरवलं. नाही. मग जेवढी म्हणून बटणं होती तेवढी पार शेवटपर्यंत पिळली. तरी ढिम्म!

"शौकतभाईंनी बिघडलेला दिला," म्हणत मी भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं, तर दिवाही लागेना. लाईट गेली होती हो! विज्ञानाची शिक्षिका मी!

मग काय, कंटाळून गिटार त्या कर्ण्यालाच टेकवून ठेवली आणि खाली केस धुवायला गेले. बटणं? ती तशीच. लाईट नाही म्हटल्यावर बटणं काय करणार?

डोक्याला शिकेकाई चोळली आणि कानावर काहीतरी आलं. आधी बारीक, कुणीतरी कण्हल्यासारखं. मग ऊंऽऽऽ. मग आणखी चढलं, आणखी चढलं, आणि सगळ्या शिवारावर ते पसरलं.

सायरन!

गाऊन अडकवला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि फेसासकट अंगणात आले. "पाणी सोडलं! पाणी सोडलं!"

हिराबाई मावशी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. "कुटं?"

"धरणातनं! सायरन ऐकू येत नाही का?"

"येतोय की. पर बाई, ह्यो लय जवळनं येतोय."

आणि इथं मी शिक्षिका झाले. म्हटलं, "मावशी, पाण्यावरून आवाज लांब जातो. म्हणून जवळ वाटतो. चला उठा!"

मावशी माझं ऐकून उठल्या. का नाही उठणार? शाळेतली बाई सांगतेय!

मी आत जाऊन यांना हलवलं. "उठा! पाणी!"

"टाकी भरली का?" डोळे मिटूनच विचारलं.

"धरण!"

हे ताडकन उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. संकटात माणूस काय उचलतो त्यावरून त्याचं प्रेम कळतं म्हणतात. यांनी गॅसचा सिलेंडर उचलला!

एव्हाना गाव जागं झालं होतं. तानाजी आबांच्या आणि आणखी काहींच्या पाण्याच्या मोटारी नदीत. ते आणि चार-सहा जण दोरखंड घेऊन गुडघाभर चिखलात उतरून त्या काठावर ओढायला लागले. कुणी म्हशी सोडल्या, कुणी कोंबड्या. तिकोणा किल्ला चढायला निघालेले पुण्याचे ट्रेकवाले गाड्या रस्त्यात सोडून आमच्यामागे पळायला लागले. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? मी! डोक्यावर फेस, हातवारे करतेय, "देवळाच्या टेकाडावर चला! घाबरू नका! मी आहे!"

टेकाडावर पोहोचलो. सायरन चालूच. आणि मला एकदम आठवलं, माझी गिटार!

"सुजाता, वेडी झालीस का?" हे ओरडले. पण मी कसली थांबते! आले पळत. जिना चढायला लागले, तर काय सांगू, पायरीगणिक सायरन मोठा होत होता. मनात म्हटलं, संपलं. पाणी गच्चीपर्यंत आलं!

वर पोहोचले. पाणी नव्हतं. शेडमध्ये अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला. कर्णा बोंबलतोय. आणि त्याला टेकून माझी मोरपंखी गिटार अशी थरथरतेय, जसं काही तिच्या अंगात आलंय.

कर्ण्याच्या आवाजानं तारा हलत होत्या, तारांच्या हलण्यानं आवाज वाढत होता, आणि वाढलेला आवाज पुन्हा तारा हलवत होता. लाईट कधी आली, देवाला माहीत!

मी झडप घालून गिटार उचलली. एकदम शांतता. टेकाडावरून आरोळी आली, "थांबलं! बंद झालं!"

ती आरोळी ऐकून मी गर्रकन वळले, तर हातातली गिटार परत कर्ण्याला टेकली. ऊंऽऽऽ!

टेकाडावर पुन्हा पळापळ. मी पुन्हा उचलली. शांतता.

तोवर हे वर आले, खांद्यावर सिलेंडर तसाच. "अगं, ते खाली ठेव आधी!"

"नाही! खाली ठेवलं की धरण सुटतं!"

यांनी माझ्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं, कर्ण्याकडे बघितलं. सिलेंडर हळूच खाली ठेवला. आणि भिंतीतला प्लग उपटला.

तोवर गाव आमच्या दारात. सगळे चिखलानं माखलेले. मनात आलं, सांगू नये. म्हणावं सायरनच होता. पण गिटार गळ्यात घालून मी गच्चीत उभी. लपवणार काय?

"आबा," मी वरूनच म्हटलं, "पाणी सोडलेलं नाही. हे... हे वाजत होतं."

तानाजी आबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. रागही नव्हता हो त्यावर. नुसता धक्का. "म्हंजी पानी न्हाई?"

"नाही."

"मग आमी मोटार काढली ती कशापायी?"

मी गळ्यातल्या गिटारीकडे बोट दाखवलं. आबा दोरखंड खांद्यावर टाकून म्हणाले, "चला रं. परत सोडा पान्यात."

माणसं वळली. आणि तेवढ्यात, देवाशप्पथ सांगते, धरणाच्या बाजूनं आवाज आला. लांबून. घोगरा, संथ, अगदी सरकारी.

सगळं गाव माझ्याकडे वळलं. "बाईऽऽ!"

"मी नाही! मी नाही!" मी दोन्ही हात वर केले. हे माझ्या शेजारी उपटलेला प्लग उंच धरून उभे. "बघा! प्लग माझ्या हातात आहे!"

एक क्षण कुणाचाच विश्वास बसेना. मग सगळ्यांच्या फोनवर टुंग टुंग सुरू झालं. ग्रुपवर निरोप आला होता, पाणी सोडलंय.

दुपारपर्यंत नदी फुगली. जिथं आबांची मोटार होती तिथून गढूळ पाणी घुसळत चाललं होतं. एकाचीही मोटार गेली नाही. सगळ्या आधीच काठावर!

संध्याकाळी आबा स्वतः घरी आले, मागं निम्मं गाव. "बाई, काय बी म्हना, तुमच्या यंत्रानं मोटारी वाचल्या. आता जरा वाजवून तरी दावा."

मला तर आभाळ ठेंगणं झालं! यांनी प्लग लावला. मी बटणं शहाण्यासारखी कमी केली. कर्ण्यापासून लांब, ताठ उभी राहिले आणि पंधरा दिवस बसवलेलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं.

वाजवून झालं. आबा ढगांकडे बघायला लागले. यांना एकदम खाली काहीतरी काम आठवलं.

शेवटी हिराबाई मावशी पुढं आल्या. माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाल्या,

"वाईट वाटून घिऊ नगा, बाई. पर सकाळी ती एकटीच वाजत व्हती न्हवं? तवाच सुरात व्हती."