पुंडलिकमामांचे सात रोडगे

पुंडलिकमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोलत होतो. यात नवीन काही नाही. आमच्या घरातली कुठलीही बरीवाईट बातमी येते तेव्हा मी बोलतच असतो. अमरावतीला आमच्या कॉलनीतल्या बाकावर चार मंडळींना मी माझ्याच लग्नातल्या घोडीची गोष्ट सांगत होतो. घोडी नुकतीच मंडपात शिरली होती आणि खिशातला फोन वाजला. मामेभाऊ संजय गावाहून बोलत होता. "बापूदादा, बाबा गेले. सकाळी फुलं तोडून आले, ओट्यावर बसले... अन् बसलेच." मी फोन खिशात ठेवला. बाकावरच्या एकानं विचारलं, "मग घोडीचं काय झालं?" मला काही केल्या आठवेना.

याला आता दीड महिना होईल. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्या गावात ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्तीनंतर अर्ध्या एकरात झेंडू आणि शेवंती लावायचे. उंच, हडकुळे, चालताना हात मागे बांधलेले. रागावलेलं मी त्यांना पाहिलंच नाही. निदान माझ्यावर तर नाहीच. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. मी सहावीत गणितात नापास झालो त्या दिवशीसुद्धा हा सहा फुटी माणूस वाकून माझ्या पायांना हात लावून गेला होता. त्या रीतीचा मी आयुष्यभर गैरफायदा घेतला. जो माणूस आपल्या पाया पडतो तो आपल्याला उलट बोलणार नाही, हे मी फार लवकर ओळखलं होतं.

आता ती गोष्ट सांगायला हवी. पस्तीसेक वर्षांपूर्वी मामांचा मुलींचा खो-खोचा संघ अचलपूरला सामने जिंकला. ढाल मिळाली, आयोजकांनी पंगत दिली, आणि परत येताना अकोटच्या अलीकडे एका पुलाचा कठडा तोडून मुलींचा मेटॅडोर खाली गेला. तीन मुली गेल्या. मामा गाडीत नव्हते. ते आणि कमल नावाची एक खेळाडू मागे राहिले होते, म्हणून वाचले. का राहिले, असं गावानं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "मी पंगतीत बसलो, उशीर झाला. कमलले ढाल सांभाळाले ठेवलं." एवढंच. त्यापलीकडे त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. आणि जिथे मामा थांबले, तिथून मी सुरू झालो.

पंगतीत रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले गव्हाचे जाड गोळे, फोडून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी... वऱ्हाडात हे वाचणाऱ्याच्या तोंडाला आताच पाणी सुटलं असेल. माझ्या गोष्टीत मामा आधी दोन रोडगे खायचे. चुलतबहिणीच्या लग्नात तीन झाले. पुढे पाच. माणूस इतका हडकुळा आणि रोडगे पाच, यावर मंडप हमखास हसायचा. मामा त्या दिवशी नुसत्या बनियनवर गावात परतले होते, हे आईनं पाहिलेलं. त्याचंही कारण मीच पुरवलं: खाता खाता शर्टाची बटणं तुटली! त्या तीन मुलींचं मी झटकन, एका वाक्यात उरकायचो, कारण तिथे कुणी हसत नसे. मामा कोपऱ्यात बसून ऐकायचे, कधी कधी मदतही करायचे. "अबे बापू, मांगच्या खेपेले पाच होते, आता सात झाले काय?" मला वाटायचं, त्यांना मजा येते आहे.

मग सिनेमावाले आले. मुंबईहून एक बाई आणि एक गृहस्थ, त्या अपघातावर सिनेमा करणारे. संजयकडे गेले तेव्हा मामांनी हात जोडले, "मले काही आठवत नाही." त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. मला तीन दिवस कुणीतरी सलग ऐकतंय, मध्ये उठून जात नाही, वर लिहूनही घेतंय, हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग! बायकोनं तिन्ही दिवस त्यांना जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "जरा आवरा, सात पुरे." मी आवरलं नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी मी मामांना अमरावतीला बोलावून घेतलं. ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "मामा, तुमच्या पोरींवर काढलाय." मग आले, इस्त्रीचा सदरा घालून. थिएटर भरलं होतं. पहिला अर्धा भाग नुसत्या शिट्ट्या. मुली सूर मारून गडी बाद करत होत्या आणि लोक खुर्च्यांवरून उठत होते. मामा पुढे सरकून बसले होते, पडद्यावरच्या मुलीनं चुकीच्या बाजूनं वळण घेतलं तर पुटपुटत, "असं नाही, बाई, असं नाही." मी त्यांच्याकडे बघून खूश होतो.

शेवटाकडे पंगत आली. पडद्यावरचा मास्तर बनियनवर बसलेला, कोपरापर्यंत तूप ओघळतंय. ड्रायव्हर येऊन सांगतो, सर, ब्रेक ढिले वाटतात, जरा बघता का? मास्तर तोंडातला घास न गिळता हातानंच खूण करतो, जा. मग पूल, किंकाळ्या. परत पंगत, परत तूप. पुढून कुणीतरी ओरडलं, "खाय रे मास्तर, खाय!" आमच्या मागे एक बाई रडत होती. रडता रडता शेजारणीला म्हणाली, "पोरी मरून राहिल्या अन् हा ढोर गिळून राहिला. असा मास्तर जोड्यानं मारला पाहिजे." तिच्यापासून हातभर अंतरावर मामा बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. अंधारात मी त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनी तो हळूच काढून मांडीवर ठेवला.

ब्रेकची गोष्ट माझी नव्हती. देवाशपथ नव्हती. पण ती ज्या ताटात वाढली होती ते ताट माझंच होतं.

शेवटी त्या तीन मुलींचे फोटो आले. सगळं थिएटर उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. मामाही उठून टाळ्या वाजवत होते, आपल्या पोरींसाठी. मग नावं सरकू लागली. सांगायला लाज वाटते, पण मी फोन काढून तयार होतो. ‘विशेष आभार’ खाली माझं नाव आलं आणि मी त्याचा फोटो काढला. वळलो तर मामा पडद्याकडेच पाहत होते.

ऑटोत बसल्यावर म्हणाले, "तुनं काय सांगतलं होतं त्यायले?"

"नेहमी सांगतो तेच, मामा."

"हं... मंग बरोबर दाखोलं त्यायनं."

बसस्थानकावर बस लागली. चढण्यापूर्वी ते वाकले आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडले. त्या दिवशी त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला झोप लागली असती.

पुढचे सहा-सात महिने लोकांनी काय काय केलं हे मला संजयकडून कळत गेलं. फोनवर त्या पंगतीचा तुकडा गाणी लावून फिरवला. बाजारात मामा झेंडू विकायला बसले की कुणीतरी विचारायचं, "मास्तर, आज कितीक रोडगे?" हे त्यांनी सोसलं. पण गावात सुभद्राकाकू आहेत, त्या अपघातात गेलेल्या मंगलची आई. त्या दिवसाच्या तिथीला मामा दरवर्षी तिन्ही मुलींच्या घरी टोपलीभर शेवंती पोचती करायचे. यंदा दोन घरांनी घेतली. सुभद्राकाकूंनी टोपली परत पाठवली, निरोपासकट: "माया पोरीपेक्षा ज्याले रोडगे मोठे, त्याचे फुलं नाही पाहिजे."

हे कळल्यावर मी गावी गेलो. तीच आमची शेवटची भेट. मी म्हटलं, मामा, मी पेपरात लिहितो, ब्रेकचं खोटं आहे म्हणून लिहितो. मामा परत आलेली फुलं गाईपुढे टाकत होते. "नको," ते म्हणाले. "तू लिवलं का वाढते." मी हसलो. ते हसले नाहीत.

तेरवीला शेंदूरजनाघाटहून एक बाई आल्या. संत्र्यांचा व्यापार असलेल्या घरातल्या, चष्मा लावलेल्या. जेवणं उरकल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "तुमीच बापूभाऊ ना? मी कमल."

मी ओशाळून काहीतरी बोलू लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. "आता तुमी ऐका." आणि मी ऐकलं. त्या दिवशी मुली पहिल्या पंगतीत जेवून उठल्या आणि कमलताईंना पाळी आली. पहिलीच. वय चौदा, आई कधी काही बोललेली नाही. त्यांना वाटलं, सूर मारताना पोटात काहीतरी फुटलं. तिथल्या शाळेच्या भिंतीमागे जाऊन रडत बसल्या. संघासोबत येणाऱ्या बाई त्या खेपेस रजेवर होत्या. मामांनी शोधून काढलं, पाहिलं, शर्ट काढून दिला आणि तोंड फिरवून म्हणाले, "हा कमरेले बांध." बाकीच्या मुलींना भिंतीआडूनच ओरडून सांगितलं, तुमी व्हा पुढं, मी दुसऱ्या पंगतीले बसतो, कमल ढाल घेऊन मायासंगं येईल. मग मैदानाजवळच्या एका म्हातारीच्या घरी घेऊन गेले. म्हातारीनं कमलताईंना न्हाऊ घातलं, समजावून सांगितलं, कपडा दिला. मामा तोवर बाहेर दगडावर बसून होते.

"म्हातारीनं त्यायले भाकर विचारली. नको म्हनले. सर त्या दिवशी उपाशी होते, बापूभाऊ. सकाळपासून."

संध्याकाळच्या एसटीनं दोघं निघाले आणि अकोटच्या स्टँडवर त्यांना अपघात कळला.

मी विचारलं, "मग तुम्ही इतकी वर्षं..." 

"भेव वाटे. आधी लाजेचं, मंग सवय झाली. पिक्चर पाह्यलं अन् सरायले फोन केला, म्हनलं आता मी सांगते. सर म्हनले, तुया पोरीचं लगन हाय, चूप राय. पोरीले विचारलं तं ते हसली. म्हने, आई, याच्यात लपवाचं काय हाय?" त्यांनी चष्मा पुसला. "तुमी वाढवलं अन् मी लपवलं. दोघायनं मिळून खाल्लं त्यायले. आता लिवा. माया नावानिशी लिवा."

लिहिण्याआधी सवयीप्रमाणे मी बोलून पाहिलं. मागच्या आठवड्यात अकोल्याला पुतणीचा साखरपुडा होता. जेवणानंतर तरुण मंडळी भोवती जमली, "काका, मामाआबांचे रोडगे होऊन जाऊ द्या!" मी खरी गोष्ट सांगितली. आयुष्यात प्रथमच हातवारे न करता. कुणी हसलं नाही, ते ठीकच होतं. मग पुतण्या माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाला, "काका, मामाआबा गेले म्हणून तुम्ही हे आता बनवलं ना? छान बनवलं. पण पिक्चरमधलं जास्त खरं वाटते." त्याच्या लहानपणापासून मीच त्याला शिकवलं होतं की माझं काही खरं मानायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी कमलताईंना फोन केला. त्या आल्या. आम्ही दोघं सुभद्राकाकूंकडे गेलो. ऐंशीच्या घरातली बाई, पाठीतून वाकलेली. कमलताई आत गेल्या. मला त्यांनी बजावलंच होतं, "तुमी बोलू नका." मी दाराबाहेर बसलो. आतून कमलताईंचा आवाज येत होता, संथ, मध्ये मध्ये अडणारा. तो थांबला. मग काकूंचा आवाज आला.

"मले पस्तीस वर्सं कोनं काईच नाही सांगतलं. मास्तरनं नाही, तुनं नाही. सांगतलं ते पिक्चरवाल्यायनं, अन् तेबी खोटं." मग, "मी त्याचे फुलं वापस धाडले, पोरी."

"हाव, काकू."

"आता कोनाले मांगू?"

मी बोलू नये असं ठरलं होतं, याचं त्या क्षणी मला बरंच वाटलं. मग काकूंनी विचारलं, "मायी मंगल त्या दिवशी जेवली होती काय?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सिनेमावाल्या बाईनं वही भरून प्रश्न विचारले होते, त्यात हा नव्हता. मामांचे रोडगे मी पस्तीस वर्षं मोजले. मंगलच्या ताटाकडे माझं लक्ष कधी गेलं नाही.

"जेवली, काकू," कमलताई म्हणाल्या. "माया बाजूलेच बसली होती. दोन रोडगे खाल्ले तिनं. अन् तिसरा मांगून घेतला, म्हने, आईच्या हातच्यावानी हाय."

आत काकू रडू लागल्या. तो तिसरा खरा होता की कमलताईंनी त्यांच्यासाठी वाढला, हे मी परतीच्या वाटेत विचारलं नाही.