जवसाच्या फुलाचा डोळा

आमच्या कुत्रीच्या हिरड्या पिवळ्या पडल्या तेव्हा मला आधी पराटीचं, कपाशीचं फूल आठवलं, आणि मग स्वतःचाच राग आला. वाशीमच्या कॉलेजात मी कविता शिकत होते. रंग दिसला की उपमा सुचायची. पण तिच्या ओकारीला कडवट वास होता, पोटाला हात लागताच ती कण्हत होती. उपमेनं तिचा ताप उतरणार नव्हता.

आईनं तिला गोधडीत गुंडाळलं आणि आम्ही दोघींनी गुरांचा दवाखाना गाठला. बैल घेऊन आलेले लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिचा ओठ उलटून पाहिला.

"ही कुत्र्यांची संसर्गजन्य कावीळ. माणसाची वेगळी, हिची माणसाला होत नाही. मात्र हिच्या लघवीतून दुसऱ्या कुत्र्यांना होईल, बरी झाल्यावरही कित्येक महिने."

हा विषाणू मारणारं औषध नाही, ते म्हणाले. अंगातलं पाणी टिकवायचं, यकृताला उसंत द्यायची. त्यांनी तिच्या कातडीखाली सलाईन सोडलं. निघताना बजावलं, "बरी होताना एखादा डोळा निळा पडतो. घाबरू नका, बहुधा निवळतो."

आई ग्लुकोज घातलेली भाताची पेज चमच्याचमच्यानं तिच्या गालात सोडत राहिली. ताप उतरला. ती लटपटत उभी राहिली, आणि तिचा डावा डोळा जवसाच्या फुलावर धुकं उतरावं तसा निळा झाला.

तो डोळा आमच्या वस्तीनंही पाहिला. शेजारचे काका चारपाच जणांना घेऊन आले. सगळ्यांच्या हातांत काठ्या.

"वैनी, बाजूले हो. हे कुत्रं पिसाळलं."

"काहून? कोनाले चावलं?"

"चावाची वाट पाहू काय? डोया पाह्य तिचा! आन् कावीयबी हाये. लेकरं हायेत आमच्या घरी."

"लेकरायले होत नाई तिची कावीय. डाक्तरनं सांगतलं."

"बैलाचा डाक्तर तो! त्याले काय समजते?"

"मंग तुमी कोनाचे डाक्तर हा, भाऊजी?"

मागचा एक जण हसला. काका हसले नाहीत. मी पितळीत पाणी आणून कुत्रीपुढे ठेवलं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे वस्तीत साऱ्यांना ठाऊक होतं. पण दुखऱ्या पोटाचं कुत्रंही पाणी नाकारतं, हे मला ठाऊक होतं. तिनं हुंगलं. तोंड फिरवलं. काकांची काठी वर झाली.

आई काठी आणि कुत्रीच्या मधे उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"शिवू नये म्हनून गावानं आपल्याले बाह्यर ठेवलं होतं. तवा कोन्या डाक्तरले इचारलं होतं त्यायनं?"

काकांची काठी वरच राहिली. तेवढ्यात आधी एक लपलप ऐकू आली, मग दुसरी. कुत्री पाणी पीत होती. पितळीचा तळ दिसेपर्यंत पीत राहिली.

काठी हळूहळू खाली आली. काका पुटपुटले, "तरी बांधून ठेव, वैनी."

"बांधीनच," आई म्हणाली. "तुमच्यासाठी नाई. वस्तीतल्या बाकी कुत्र्यायसाठी."

दोर मी आणला. घरामागं आडोसा होता, पण आईनं खुंटी ठोकली ती दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो निळा डोळा दिसेल अशी.