पसा कुणाच्या हाताचा

माझे दात गेले, गुडघे गेले, पवनेवर पूल झाले आणि ज्या पट्टीत मी वाटाणा लावला होता तिच्यावर आता सात मजले उभे आहेत. पण पिंपरीच्या बाजारातला तो पंजा आठवला की माझ्या अंगाची अजून लाही होते.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. मी लग्न होऊन देहूकडून रहाटणीला आले होते. रहाटणीच्या बायका रविवारी पहाटे डोक्यावर टोपली घेऊन पवनेच्या उतारातून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जात आणि पिंपरीला रेल्वे फाटकाजवळ बाजारात बसत. तिथं गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. छावणीत राहायला आलेली सिंधी कुटुंबं यायची, रेल्वेची माणसं यायची, नव्या कारखान्याच्या बांधकामावरची यायची. ताजी भाजी दिसली की ही माणसं अशी तुटून पडत की एकदा माझ्या डोक्यावरचं टोपलं खाली उतरण्याआधीच निम्मं विकलं गेलं होतं.

विकलं गेलं असतं, असं म्हणायला हवं. कारण गिऱ्हाइकाच्या आधी फसकीवाला यायचा.

फसकी म्हणजे बाजारात बसण्याबद्दल मालातून उचलून द्यायचा वाटा. कायदा साधा होता, टोपल्यामागे एक पसा, म्हणजे एका हातात मावेल तेवढं. ठेकेदारानं बाजाराचा ठेका घेतला होता आणि पसा उचलायला एक माणूस ठेवला होता. नोकरीवर ठेवताना त्याला लिहिता येतं का हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे. पाच गावच्या गड्यांना ओळीनं उभं करून ज्वारीच्या राशीत हात घालायला लावला आणि ज्याच्या हातानं राशीला विहीर पडली त्याला ठेवला. त्याचा पंजा सुपाएवढा होता. खोटं वाटत असेल तर माझा नाइलाज आहे. एका बाईच्या टोपल्यातला कोबीचा गड्डा त्या मुठीत गेलेला मी पाहिला आहे. गेला तो गेलाच, नंतर बोटांच्या फटीतून एक पान बाहेर आलं तेवढंच. शिवाय पंजा आत शिरला की कोपरापर्यंत शिरायचा, आणि बाहेर येताना मनगटावर, दंडावर, बाहीच्या घडीत माल घेऊन यायचा. याला तो पसा म्हणायचा, आणि बाया मुकाट्यानं पाहत बसायच्या. त्याच्याइतकाच त्यांचाही मला राग यायचा.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. आमच्या विहिरीच्या थारोळ्याखाली, म्हणजे मोट ओततात त्या कुंडाखाली, एक पट्टी होती. मोटेचं सांडलेलं पाणी तिथं आपोआप जायचं. ती पट्टी मी आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, मागितली होती. त्या घरात पीठ काढण्यापासून बैल विकण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातानं व्हायचं. आणि हात तरी कसे होते. आत्याबाईंनी थापलेली भाकरी तव्याच्या कडेबाहेर लोंबायची आणि एका भाकरीत दोन गडी जेवून ढेकर द्यायचे. त्या हाताची चापट मी कधी खाल्ली नाही. खाल्ली असती तर हे लिहायला उरले नसते.

त्यांना पट्टीत बैलांच्या चाऱ्यासाठी कडवळ पेरायचं होतं. मी हट्टानं वाटाणा लावला. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, की या वाटाण्यानं दोन बाजारांत घरचं मीठ आणि घासलेट आणून दाखव. आणलंस तर पट्टी तुझी, नाही आणलंस तर वेल उपटायचे आणि कडवळ पेरायचं. मला त्या घरात माझं म्हणायला तेवढीच जागा होती. सकाळी मी आधी तिथं जायची, मग चुलीकडे.

पहिल्या रविवारी मी एकटीच गेले. टोपलं शिगोशीग भरलेलं होतं. फसकीवाल्यानं हात घातला, काढला, आणि मला टोपल्याचा तळ दिसला. तळ दिसला म्हणजे अगदी तळ नव्हे, पण विणीच्या काड्या मी मोजू शकत होते. उरलेल्या शेंगांचं मीठ आलं, घासलेट आलं नाही. घरी आल्यावर आत्याबाईंनी टोपल्यात डोकावून पाहिलं. त्यांनी माळ्यावरचं कडवळाचं बी खाली काढून उंबऱ्याशी ठेवलं.

दुसऱ्या रविवारी त्या स्वतः बरोबर आल्या. त्यांच्या टोपल्यात भुईमुगाच्या वाळल्या शेंगा होत्या. दोघी शेजारी शेजारी बसलो. फसकीवाला ओळीनं टोपल्या ओरपत आला आणि माझ्यापुढे वाकला. मी दोन्ही हात शेंगांवर पसरून धरले.

"पसा घ्या," मी म्हणाले. "कोपर न्हाई."

तो हसला. "ह्यो पसाच हाय बाई. देवानं एवढाच दिला. दुसरा हात कुठनं आणू?"

आजूबाजूची माणसं हसली, त्या लुटलेल्या बायासुद्धा हसल्या. त्या हसण्यानं मी जी पेटले ती पेटलेच. आणि त्या संतापात मला माहेरचं खळं आठवलं. मळणी झाली की सुतार, लोहार, न्हावी खळ्यावर यायचे, पण राशीला हात लावायचे नाहीत. पदर किंवा घोंगडी पसरून उभे राहायचे आणि वडील आपल्या हातानं धान्य घालायचे. पसा नेहमी देणाऱ्याच्या हाताचा असतो. घेणाऱ्यानं स्वतः उचलायचा हे कुणी आणि कुठल्या खळ्यावर शिकवलं?

मी त्याला तसं म्हटलं. पसा मी घालते, तू पोतं पसर. असं कुठं असतं व्हय, म्हणून तो ठेकेदाराला बोलवायला निघाला. मी वाट पाहिली नाही. टोपलं काखेला मारलं आणि त्याच्याआधी ठेकेदारापुढे जाऊन उभी राहिले. ठेकेदार लिंबाखाली खुर्ची टाकून पान चघळत बसला होता. जवळच्या जुन्या गावचा, शेतीवाला, चार खळ्यांचा मालक. तेवढंच मला पुरेसं होतं.

"मालक, तुमच्या खळ्यावर सुताराला धान्य कोण घालतं?"

"मीच घालतो की."

"त्यो आपल्या हातानं रास उपसत न्हाई?"

"त्याची काय टाप हाय?" ठेकेदार म्हणाला, आणि म्हणताच त्याचं पान गालात थांबलं.

बाजार इतका गप्प झाला की कासारवाडीला उभ्या असलेल्या गाडीनंही शिट्टी द्यायचं राहू दिलं असावं, असं माझं मत आहे. बाया आपापली टोपली सोडून भोवती गोळा झाल्या होत्या. ठेकेदारानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाजूला वळून पिंक टाकली.

"बरं," तो म्हणाला. "आजपासनं देणाऱ्याचा पसा. हाच कायदा."

मी माझा पसा भरला. बोटं अशी जवळ आणली होती की आत जेमतेम आठ शेंगा मावल्या. त्या मी फसकीवाल्याच्या पोत्यात एखाद्या राणीनं दान करावं तशा टाकल्या आणि जागेवर येऊन बसले. घासलेटची बाटली मला डोळ्यांपुढे दिसायला लागली होती.

पण तो ठेकेदार उगीच चार खळी राखून नव्हता. तो खुर्चीवरून उठला, आमच्यापाशी आला आणि आत्याबाईंच्या हातांकडे पाहत उभा राहिला. ते हात पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होते.

"ह्या भुईमुगाच्या शेंगा रहाटणीच्या बाईंच्या दिसत्यात," तो गोड आवाजात म्हणाला. "द्या की मग. तुमच्या हातानं."

फसकीवाल्यानं आपला सुपाएवढा पंजा मुद्दाम त्यांच्या हाताशेजारी धरला. आत्याबाईंच्या पंज्यापुढे तो चमचा दिसत होता. भोवतीच्या बाया पुन्हा हसायला लागल्या. मीच करून घेतलेल्या कायद्यानं आत्याबाईंचं निम्मं टोपलं जाणार होतं, आणि मग त्यांच्या रागापुढे मीठ काय, घासलेट काय, वेल संध्याकाळच्या आत उपटले जाणार होते. अशी चीड मला आयुष्यात आली नाही, आणि ती नेमकी कुणावर काढायची हेही कळत नव्हतं.

आत्याबाईंनी हात पदराला पुसले आणि पदराखाली घेतले.

"आमच्या घरात देणंघेणं सून करती," त्या म्हणाल्या. "घाल गं पसा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या घरात आल्यापासून मी भिकाऱ्याला चिमूटभर पीठसुद्धा विचारल्याशिवाय घातलं नव्हतं.

"कधीपासनं?" ठेकेदारानं विचारलं.

"आत्तापासनं. तुमचा कायदा जसा आत्तापासनं."

मी भुईमुगाच्या टोपल्यातही माझाच पसा भरला. बोटं आणखी आवळली, त्यामुळे पाचच शेंगा आल्या. ठेकेदार खुर्चीकडे गेला. आम्ही मीठ घेतलं, घासलेट घेतलं, आणि परतताना पवनेच्या पाण्यात आत्याबाईंनी बाटली स्वतःच्या डोक्यावर घेतली. कडवळाचं बी माळ्यावर परत गेलं.

इथं कुणाला वाटेल की माझा राग गेला. पुढच्याच रविवारी ठेकेदारानं पितळेचं मापटं आणलं. देणाऱ्याचा हात नको, घेणाऱ्याचाही नको, भांडण नको, म्हणे. त्या मापट्यात फसकीवाल्याचा पंजा मनगटासकट बुडत होता. ज्या बाया माझ्यामागे गोळा झाल्या होत्या त्यांनी मुकाट मापटी भरून दिली, आणि मीही दिलं. हे लिहिताना माझे कान अजून तापतात.

आत्याबाईंनी मात्र शब्द फिरवला नाही. देणं माझ्याकडे आलं ते राहिलंच. त्या वर्षी खळ्यावर मळणी झाल्यावर सुतार घोंगडी पसरून उभा राहिला आणि आत्याबाईंनी मला पुढे केलं. मी बाजारातल्यासारखीच बोटं जवळ आणून पसा भरला आणि घातला. सुतार नुसता घोंगडीकडे बघत राहिला. आत्याबाई माझ्यामागे उभ्या होत्या.

"दोनदा घाल अजून," त्या म्हणाल्या. "बाजारातला हात खळ्यावर चालायचा न्हाई."

सगळ्यांदेखत म्हणाल्या. मला त्याचाही राग आला. मी बोटं उघडली आणि घातलं.