दोरीचे दुसरे टोक

करसल्लागार वसंतरावांना मी प्रथम पाहिले ते आमच्या डोळखांबच्या शेतावर. मी तेव्हा मुरबाडला वसतिगृहात शिकत होतो. सुट्टीत घरी आलो, तर शहापूरचे हे गृहस्थ बांधावर वडिलांच्या शेजारी बसून नाचणीची भाकर खात होते. वडील त्यांच्याशी हसून बोलत होते. घरात ते फारसे बोलत नसत. त्या दिवशी वसंतराव मला आवडले नाहीत.

त्यांचे काम आपण सर्व जाणता. शेतकऱ्याने स्वतः लावून वाढवलेल्या झाडांचे उत्पन्न शेतीचे धरतात, त्यावर आयकर नाही. आपोआप उगवलेल्या झाडांना ही सवलत नाही. एवढे समजावण्यासाठी ते पाड्यापाड्यांवर पायी फिरले.

गेल्या वर्षी वडील वारले. आजारपणात त्यांनी शेतातला निम्मा साग विकला होता. त्यावर कर का भरला नाही, अशी नोटीस वारस म्हणून मला आली. कर बसला असता तर उरलेला सागही विकावा लागला असता. मी वसंतरावांकडे गेलो.

"झाडं कोणी लावली?" त्यांनी विचारले.

"देवानं. बाबा तसंच सांगायचे."

आमच्याकडे 'झाड मी लावले' असे कोणी म्हणत नाही. झाडाला दृष्ट लागते.

"अरे, असं लिहून दिलंस तर सवलत गेली!" ते हसले. "देव काय दोरी लावून खड्डे खणतो? रांग सरळ यावी म्हणून तुझे बाबा दोरी बांधायचे. दुसरं टोक माझ्या हातात. जरा ढिली पडली की ओरडायचे, 'ताणा की वसंतराव, भात नाय खाल्लात काय?'"

मला यातले काहीच ठाऊक नव्हते; लागवडीच्या त्या पावसाळ्यात मी वसतिगृहात होतो.

त्यांनी रांगेत उभ्या सागाचे फोटो जोडले, स्वतःची साक्ष लिहून दिली. सवलत मान्य झाली. उरलेला साग वाचला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. तरी त्या दिवशी घरी येताना मनात एकच होते, ते टोक माझ्या हातात हवे होते. वडिलांचे हसणे-ओरडणे त्यांच्या वाट्याला आले, माझ्या वाट्याला झाडे आली. हा हेवा अजून गेलेला नाही.

हल्ली मी काम नसतानाही त्यांच्याकडे जातो. ते वडिलांची एखादी आठवण सांगतात, मी ऐकतो.

अमृतमहोत्सवानिमित्त वसंतरावांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. येत्या पावसाळ्यात रिकाम्या जागी नवा साग लावायचा आहे. दोरीचे एक टोक मी धरीन. दुसरे धरायला त्यांनी यावे.