भांडायला योग्य माणूस

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत गंगाबाईंशी ज्याचं भांडण झालं नव्हतं असं एकच घर होतं, कारण ते रिकामं होतं. तिथं आरोग्यमेरी नावाची निवृत्त नर्स राहायला आली, तेव्हा अख्खी गल्ली तमाशाची वाट बघत बसली.

आठवड्याच्या आत तिच्या शेवग्याचा पाला गंगाबाईंच्या दारातल्या कोलमच्या रांगोळीवर पडला. गंगाबाईंनी पदर खोचून चोख तमिळमध्ये तिचा उद्धार केला. आरोग्यमेरीनं सगळं ऐकून घेतलं, पाला वेचला आणि "चुकलं, अक्का" म्हणून ती आत गेली. त्या दिवशी गंगाबाईंना जेवण गेलं नाही. समोरचं माणूस भांडेनाच, म्हणजे काय!

"ही बाई राग ठेवते तरी कुठं?" त्या सुनेला, कीर्तनाला, म्हणाल्या आणि रविवारी आरोग्यमेरीच्या मागोमाग थेट चर्चमध्ये शिरल्या. खांबाआडून बघतात तर ती गुडघ्यांवर बसून, हातवारे करत, डोळे पुसत पुटपुटत होती.

बाहेर येताच गंगाबाईंनी तिला गाठलं. "काय चाललं होतं ते?"

"येशूशी भांडत होते, अक्का. मुलगा परदेशात आहे, फोन करत नाही. सगळं येशूलाच सुनावते. घरी न्यायला काही उरत नाही."

"आणि तो ऐकून घेतो?"

"शेवटपर्यंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्च रिकामं होतं. गंगाबाई मागच्या बाकावर बसल्या आणि घरच्या मराठीत सुरू झाल्या. फादरना मराठी येत नव्हती, ही सोय होती. आधी कीर्तनाचं पाणीदार रसम झालं, मग गल्लीतले सगळे झाले. मग त्या नवऱ्यापाशी येऊन अडल्या. वैद्यनाथरावांनी एका सकाळी कॉफी मागितली होती आणि त्या घेऊन येईपर्यंत ते गेले होते.

"एवढी कसली घाई होती त्यांना?" असं विचारताना त्यांना रडू फुटलं. त्या पोटभर रडल्या. कुणी गप्प केलं नाही, समजावलं नाही. फक्त कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय, असं वाटत राहिलं. उठताना छातीवरचं ओझं हलकं झालं होतं.

त्या जातच राहिल्या. प्रार्थना शिकल्या, आरोग्यमेरीला प्रश्न विचारून बेजार केलं. शेवटी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवून घरी सांगितलं.

मुलगा सतीशकुमार हादरला. "अम्मा, आपल्या देवघराचं काय?"

"ते तुम्ही सांभाळा. मी कुणाला ओढत नाही. माझं मन तिथं निवलंय, एवढंच."

"जाऊ द्या हो त्यांना!" कीर्तना घाईघाईनं म्हणाली. सासूच्या शांतीचा सर्वांत मोठा वाटा तिच्याच पदरात पडला होता.

बाप्तिस्म्याची बातमी जवळच्या पापनाशम गावी पोचली आणि तिथली नणंद अंबा भाषण पाठ करूनच आली. कूळ, पूर्वज, लोक काय म्हणतील, सगळं झालं. गंगाबाईंनी कॉफी पुढं केली आणि हळूच विचारलं, "अंबा, तुला भावाची आठवण येते का गं?"

अंबानं कॉफी बाजूला ठेवून डोळ्यांना पदर लावला. मग दोघी संध्याकाळपर्यंत वैद्यनाथरावांच्या घोरण्याच्या नकला करत हसल्या, रडल्या. अंबा मुक्कामाला राहिली.

निघताना ती म्हणाली, "धर्माचं मला पटलेलं नाही हं, वहिनी."

"नको पटू दे," गंगाबाईंनी तिच्या पिशवीत मुरुक्कूच्या चकल्यांचा डबा कोंबला. "दिवाळीला ये, आणखी भांडू."