कशावरून जमादार

मी मोटारसायकलवर भोकरदनला शाळेत गेलो आणि एसटीनं घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी दिसेना, तेव्हा चोरीच्या तक्रारीचा अर्ज लिहून गावच्या पोलीस चौकीत गेलो. अठरा वर्षं एसटीनं ये-जा केलेली, गाडी घेऊन जेमतेम आठवडा झालेला. शाळा सुटली की पाय आपोआप स्टँडकडे वळायचे. पण हे शहाणपण नंतरचं.

चौकीत तेव्हा जे जमादार होते, त्यांना सगळं गाव ‘कशावरून जमादार’ म्हणायचं. कोणी काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द हाच. शेळी हरवली म्हणून रडत आलेल्या म्हातारीला विचारायचे, “शेळी तुझीच कशावरून, आज्जे?” लग्नाची पत्रिका घेऊन गेलात तर, “पोरगी अठराची कशावरून?” दाखला बघितल्याशिवाय पत्रिकेला हात लावायचे नाहीत. एकदा एकानं रस्त्यात रामराम घातला, तर त्याला थांबवून म्हणाले, “काल न्हाई घातला, आजच काहून?” तो बिचारा दुपारपर्यंत आपण काय गुन्हा केला ते आठवत बसला.

खुर्ची ते दाराकडे तिरकी ठेवायचे. येणाऱ्याचं तोंड बघण्याआधी चपला बघायच्या. “तोंडाला खोटं बोलायची सवय असती, पायाला न्हाई,” म्हणायचे. एकच गोष्ट तीनदा विचारायची आणि मधे पाणी पाजायचं, ही त्यांची रीत. लोक वैतागायचे, पण उगाच कोणाचं नाव घेऊन चौकीत जायचं गावानं कमी केलं होतं.

मी मात्र नाव घेऊनच गेलो होतो.

“काल साडेपाचला गाडीवर घरी आलो, दारात लावली,” मी सांगितलं.

“कशावरून?”

“अहो, माझीच गाडी, मीच लावली.”

“संशय कोणावर?”

मी आवाज खाली आणला. शेजारचा गॅरेजवाला सलीम कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. परवाच त्यानं माझ्या गाडीचं ऑईल बदललं होतं, म्हणजे चावी त्याच्या हातात होती. खरं कारण एवढंच नव्हतं. गल्लीतली बाकीची घरं माझ्या भाऊबंदांची होती.

“सलीमवर?” जमादार खणखणीत म्हणाले. “मोठ्यानं बोला गुरुजी, त्यालाबी ऐकू द्या.”

सलीम उठला. जालन्याच्या कारखान्यात क्रेन चालवायचं काम त्याला लागलं होतं आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागायला तो आला होता. “गुरुजी, सोमवारी हजर व्हायचंय मला,” तो म्हणाला. “चोरीत नाव आलं तं दाखला बी गेला, काम बी गेलं. मंग मी काय करू?”

मी भिंतीकडे बघितलं. जमादारांनी पेन उचललं, पण लिहिलं नाही. मला पाणी दिलं आणि पुन्हा विचारलं. मी म्हणालो, सहाला आलो. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांची नजर माझ्या मनगटावर होती.

“घड्याळाच्या पट्ट्यात काय खोसलंय?”

तिकीट तिथं खोसायची माझी जुनी सवय. त्यांनी ते काढून उलगडलं. भोकरदनपासून आमच्या गावापर्यंतचं, कालच्या तारखेचं, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांचं.

“गाडीवर बसून एसटीचं तिकीट काढून राह्यले का तुम्ही?”

मग त्यांनी शाळेच्या शिपायाला फोन लावायला लावला. शिपाई म्हणाला, “गाडी लिंबाखालीच हाय की, गुरुजी. रात्रभर पाखरांनी रंगवली.”

जमादारांनी माझा अर्ज मलाच फाडायला लावला आणि माझ्यादेखत सलीमचा कागद पुढे ओढून त्यावर सही केली. मी सलीमला म्हणालो, “चल, चहा घेऊ.” तो म्हणाला, “राहू द्या,” आणि गेला. सोमवारी तो जालन्याला हजर झाला. माफी मागायची माझ्या मनात फार होती, मनातच राहिली.

वर्षभरानं जमादारांची परतूरकडे बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला गुरुजी म्हणून मलाच उभं केलं. शाल-नारळ झाला, माईक हातात आला आणि मला जोर चढला. “मंडळी, लोक यांना संशयी म्हणतात,” मी म्हणालो, “पण याच जमादारांनी आपल्या सलीमसारख्या निरपराध पोराला वाचवलं.”

टाळ्या पडल्या. जमादारांनी खुर्चीतून मान वर केली.

“कोणापासून वाचवलं,” ते म्हणाले, “तेबी सांगा की गुरुजी.”